कॉलर माइकचा आवाज फाटतो तेव्हा: कॅप्सूल, बायस आणि ट्रान्समीटरची जोडणी

बुवा अभंगाचं चरण उलगडून सांगत असतात तोवर कॉलर माइक छान चालतो. मग गजर सुरू होतो, टाळ-मृदंग चढतात, बुवा वरच्या पट्टीत जातात आणि स्पीकरमधून आवाज फाटू लागतो. आयोजक धावत येतो, "दादा, आवाज फाटतोय, जरा कमी करा." मिक्सरवरचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली येतो, आवाज लहान होतो, पण फाटलेला आवाज फाटलेलाच राहतो. नाशिक परिसरात हे सगळीकडे दिसतं. त्र्यंबकच्या कीर्तनात दिसतं, गोदाघाटावरच्या व्याख्यानात, कालिदास कलामंदिरातल्या हौशी प्रयोगात आणि गंगापूर रोडच्या लॉनवरच्या लग्नाच्या शूटिंगमध्येही दिसतं.

याचं कारण बहुतेक वेळा मिक्सरवर नसतंच. ते माइकच्या डोक्यातल्या मटारएवढ्या कॅप्सूलमध्ये असतं, आणि त्या कॅप्सूलला कमरेच्या वायरलेस ट्रान्समीटरकडून वीज कशी मिळते यात असतं. कॅप्सूलला पुरेसं व्होल्टेज मिळालं नाही तर तिथेच फाटलेला सिग्नल पुढे कुठलंही बटण फिरवून दुरुस्त होत नाही. म्हणून माझा आग्रह एकच आहे: जोडणी करण्याआधी आणि केल्यानंतर कॅप्सूलवरचं व्होल्टेज मोजा. साधा मल्टीमीटर पुरतो.

आधी फाटतंय कुठे ते शोधा

कॅप्सूलपासून स्पीकरपर्यंत आवाज चार ठिकाणी फाटू शकतो: कॅप्सूलमध्ये, ट्रान्समीटरच्या इनपुटला, रिसीव्हर ते मिक्सर या टप्प्यात आणि रेडिओच्या वाटेवर. डाग द्यायला, म्हणजे सोल्डरिंगला, बसण्याआधी यातलं कुठलं ते ठरवा. नाहीतर चांगला कनेक्टर उगाच उघडला जातो.

सुरुवात मिक्सरकडून करा, कारण ते सगळ्यात सोपं. रिसीव्हरचं आउटपुट लाइन लेव्हलवर, म्हणजे माइकपेक्षा बऱ्याच मोठ्या सिग्नलवर, असेल आणि ते मिक्सरच्या माइक इनपुटमध्ये घुसवलं असेल, तर इनपुटचं ट्रिमचं बटण शून्यावर असूनही चॅनेल क्लिप होतो, म्हणजे सिग्नलची टोकं कापली जातात. रिसीव्हरवर लाइन-माइक असा स्विच असेल तर तो बघा. नसेल तर आउटपुट लेव्हल खाली घ्या किंवा मिक्सरचा पॅड (सिग्नल लहान करणारं बटण) दाबा. रिसीव्हरला हेडफोनचं भोक असेल तर थेट तिथे ऐका. तिथे आवाज स्वच्छ आणि मिक्सरवर फाटलेला असेल तर माइकला हात लावायची गरजच नाही.

तिथेही फाटत असेल तर ट्रान्समीटरकडे या. वक्त्याला किंवा नटाला त्याच्या सगळ्यात मोठ्या आवाजात बोलायला लावा आणि ट्रान्समीटरवरचा पीकचा दिवा (सिग्नल मर्यादेला पोचला की लागणारा) बघा. दिवा सतत लाल होत असेल तर गेन (इनपुटला सिग्नल किती वाढवायचा ते) १० डेसिबलनी खाली घ्या. आवाज स्वच्छ झाला तर काम झालं, इनपुट ओव्हरलोड होत होतं. पण दिवा लागत नसताना आवाज फाटत असेल आणि गेन कमी केल्यावर तो तितकाच घाण, फक्त लहान ऐकू येत असेल, तर दोष ट्रान्समीटरच्या आधी आहे. म्हणजे कॅप्सूल, तिला मिळणारी वीज (बायस) किंवा वायर.

रेडिओचा त्रास वेगळा ओळखू येतो. त्याचा आवाजाच्या जोराशी संबंध नसतो. माणूस वळला, गर्दीत शिरला, ट्रान्समीटर कमरेमागे गेला की खरखर, ठोके किंवा क्षणभर शांतता. हळू बोलतानाही हे होतं. दोन ट्रान्समीटर एकाच फ्रिक्वेन्सीवर असले तरी असंच काहीतरी ऐकू येतं. २०२७ च्या सिंहस्थात पंचवटीत आणि रामकुंडाच्या आसपास एकाच वेळी किती मंडप, किती वाहिन्या आणि किती वायरलेस सेट चालू असतील याचा विचार करा. तिथे काम घेणाऱ्याने फ्रिक्वेन्सी स्कॅन करण्याची सवय आत्ताच लावून घ्यावी. पण तो विषय वेगळा. इथे आपण कॅप्सूलकडे वळू.

कॅप्सूलच्या आत काय चालतं

कॉलर माइकमध्ये इलेक्ट्रेट कॅप्सूल असते. तिच्या पडद्यावरचा सिग्नल फार नाजूक असतो. तो तसाच वायरमधून पाठवता येत नाही, म्हणून कॅप्सूलच्या आतच एक छोटा एफईटी ट्रान्झिस्टर बसवलेला असतो. या एफईटीला चालायला थोडी डीसी वीज लागते. तीच बायस. ट्रान्समीटर ती पुरवतो, कुठे ३ व्होल्ट, कुठे ४, कुठे ५.

दोन तारी जोडणीत एकाच तारेवरून वीज आत जाते आणि आवाज बाहेर येतो. दुसरी तार म्हणजे शील्ड, ग्राउंड. मधे एक लोड रेझिस्टर असतो, कधी ट्रान्समीटरच्या आत, कधी कनेक्टरमध्ये. एफईटी जो करंट ओढतो तो या रेझिस्टरमधून जातो आणि तिथे काही व्होल्ट पडतात. उरलेले कॅप्सूलच्या वाट्याला येतात.

आता आकडे घालून बघू. समजा कॅप्सूल ०.५ मिलिअँप ओढते आणि ट्रान्समीटर ५ व्होल्ट देतो. लोड ४.७ किलोओहम असेल तर त्यावर २.३५ व्होल्ट पडतात आणि कॅप्सूलला २.६५ मिळतात. हे छान. सिग्नलला वर-खाली हलायला दोन्हीकडे जागा आहे. आता तोच माइक, तोच रेझिस्टर, पण ट्रान्समीटर ३ व्होल्टचा. पडणारे २.३५ तेवढेच, म्हणजे कॅप्सूलकडे उरले फक्त ०.६५ व्होल्ट. एफईटीला नीट काम करायला एवढं पुरत नाही. हळू बोलणं कसंबसं जातं, जरा आवाज चढला की लाटेचं एक टोक चिरडलं जातं. ‘माझ्या जुन्या सेटवर हा माइक मस्त होता, नव्यावर फाटतो’ अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा हाच हिशेब चुकलेला असतो. ५ व्होल्टवरसुद्धा १० किलोओहम लावला तर सगळेच्या सगळे ५ व्होल्ट रेझिस्टरवर पडू पाहतात, कॅप्सूलसाठी काहीच उरत नाही.

यावरचा उपाय त्याच गणितात आहे. ३ व्होल्टवर ४.७ ऐवजी २.२ किलोओहम लावा: १.१ व्होल्ट पडतील, १.९ उरतील. दुसरा फायदा असा की दोन तारी जोडणीत आउटपुट लोड रेझिस्टरच्या प्रमाणात असतं, त्यामुळे रेझिस्टर जवळजवळ निम्मा केला की सिग्नलही साधारण ६ डेसिबलनी उतरतो. म्हणजे कॅप्सूलला जागा मिळते आणि ट्रान्समीटरच्या इनपुटवरचा भारही कमी होतो. हळू बोलणारा वक्ता असेल तर ते ६ डेसिबल ट्रान्समीटरच्या गेनवर परत मिळवा.

आवाज किती मोठा असतो याचा अंदाजही हवा. साधं बोलणं १ मीटरवर ६० डेसिबलच्या आसपास. जोरात ओरडणं १ मीटरवर ९० च्या घरात. माइक तोंडापासून २० सेंटिमीटरवर आला की त्यात १४ डेसिबल वाढतात, १० सेंटिमीटरवर आला की २०. म्हणजे ओरडणाऱ्या नटाच्या गालाजवळच्या माइकवर ११० डेसिबल, आणि क्षणिक टोकं त्याहून १२-१५ डेसिबल वर. हे १२२-१२५ झाले. कॅप्सूलच्या माहितीपत्रकात जास्तीत जास्त ध्वनिदाब ११० लिहिला असेल तर कितीही नीट वायरिंग करा, तो माइक गजराला किंवा आकांताच्या प्रवेशाला पुरणार नाही.

संवेदनशीलताही त्याच पत्रकात असते. ९४ डेसिबल म्हणजे १ पास्कल. १२२ डेसिबलला दाब त्याच्या सुमारे २५ पट होतो. २० मिलिव्होल्ट प्रति पास्कलची कॅप्सूल तिथे अर्धा व्होल्ट बाहेर टाकते, ६ मिलिव्होल्टची कॅप्सूल ०.१५ व्होल्ट. व्याख्यानासाठी पहिली चांगली, कारण वक्ता हळू बोलतो आणि खरखर कमी राहते. कीर्तन-नाटकाला दुसरीच घ्या. एकच माइक दोन्हीकडे वापरायचा असेल तर मी कमी संवेदनशील कॅप्सूल निवडीन. थोडी खरखर श्रोते सहन करतात, फाटलेला आवाज सहन करत नाहीत.

तीन तारी जोडणी का चांगली

काही माइकच्या वायरमध्ये शील्डखेरीज दोन तारा असतात. एकीवरून वीज जाते, दुसरीवरून आवाज येतो. एफईटीच्या टोकांपैकी सोर्स नावाच्या टोकावरून इथे आवाज घेतात आणि पूर्ण बायस ड्रेन नावाच्या टोकाला मिळतं. या रचनेत एफईटी सिग्नल मोठा करत नाही, आणि आपल्या आउटपुटला स्वतःच सावरून धरतो. त्यामुळे मोठ्या आवाजात विकृती बरीच कमी राहते. माइक तीन तारी असेल आणि ट्रान्समीटरमध्ये त्यासाठी वेगळी पिन असेल, तर तीन तारीच जोडा. सोपं पडतं म्हणून दोन तारा एकत्र बांधू नका.

सोर्सपासून ग्राउंडपर्यंत मात्र एक लोड लागतो. काही ट्रान्समीटरमध्ये तो आत असतो, काहींसाठी कनेक्टरमध्ये रेझिस्टर बसवावा लागतो. तो नसेल तर आवाज अगदी बारीक येतो किंवा येतच नाही, आणि माणूस माइक बिघडला समजून फेकून देतो. माइकच्या आकृतीत तो किती ओहमचा हवा ते दिलेलं असतं, तेवढाच लावा.

एक बारीक गोष्ट नाटकवाल्यांनी लक्षात ठेवावी. तीच कॅप्सूल दोन तारी जोडली की आवाजाची दिशा, म्हणजे पोलॅरिटी, तीन तारीच्या उलट होते. एका नटाचा माइक असा आणि दुसऱ्याचा तसा असेल, तर दोघं समोरासमोर आले की खालचे सूर एकमेकांना खातात आणि आवाज पोकळ वाटतो. ट्रान्समीटर किंवा मिक्सरवर फेज उलटायचं बटण असतं. एका माइकवर ते दाबून बघा, भरदार वाटेल तीच जागा बरोबर.

ट्रान्समीटर काय देतो ते मोजा

हे काम दोन मिनिटांचं आहे. मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, ट्रान्समीटर सुरू करा, माइक काढून टाका. काळी तार ग्राउंड पिनला, लाल तार बायसच्या पिनला. आलेला आकडा कागदावर लिहा. हे मोकळं व्होल्टेज.

ट्रान्समीटरच्या आत लोड रेझिस्टर किती आहे हे माहीत नसेल तर तेही काढता येतं. बायसची पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर धरा आणि त्याच्यावरचं व्होल्टेज मोजा. मोकळ्या व्होल्टेजला या नव्या आकड्याने भागा, त्यातून १ वजा करा, उरलेल्याला १० किलोओहमने गुणा. उदाहरणार्थ मोकळं ५, रेझिस्टर लावल्यावर ३.३३. भागाकार १.५, वजा १ म्हणजे ०.५, म्हणजे आतला लोड ५ किलोओहम. आता माइकचा करंट माहीत असला की माइक जोडण्याआधीच कळतं की ०.५ मिलिअँपच्या कॅप्सूलला इथे अडीच व्होल्ट मिळतील.

आतला लोड मोठा निघाला आणि बायस कमी, तर बाहेरून फारसं काही करता येत नाही. ग्राउंडला दुसरा रेझिस्टर लावला तर आहे ते व्होल्टेजही घसरतं. अशा वेळी कमी करंट ओढणारी किंवा कमी संवेदनशील कॅप्सूल शोधणं हाच खरा मार्ग. मधे पॅड लावूनही उपयोग नाही, कारण पॅड कॅप्सूलच्या नंतर येतो. तो ट्रान्समीटरचं इनपुट वाचवतो, कॅप्सूलमध्ये आधीच फाटलेलं जोडत नाही.

आणि ४८ व्होल्टचं फँटम पॉवर. कॉलर माइक नुसत्या वायरने एक्सएलआरला जोडून मिक्सरवर फँटम सुरू केलं तर कॅप्सूल जळू शकते. त्यासाठी अ‍ॅडॅप्टर वेगळा मिळतो, तोच वापरावा.

कोणती तार कुठल्या पिनला

नेहमी हाताशी येणारे प्रकार हे.

शुअरच्या चार पिनी मिनी कनेक्टरमध्ये पिन १ ग्राउंड, पिन २ वर ५ व्होल्ट, पिन ३ ऑडिओ, आणि पिन ४ आतून एका लोडमार्गे ग्राउंडला जोडलेली असते. तीन तारी माइकला सोर्सचा लोड हवा असतो, तो पिन ४ पुरवते. म्हणून ऑडिओची तार पिन ३ ला लावून ३ आणि ४ मध्ये जंपर (दोन पिना जोडणारी छोटी तार) टाकतात. गिटारच्या वायरमध्ये पिन ४ मोकळी असते. दोन तारी कॅप्सूल लावायची तर पिन २ आणि ३ मध्ये लोड रेझिस्टर येतो, तार पिन ३ ला. तेव्हा पिन ४ मी मोकळी ठेवतो, कारण तो लोडही करंट ओढतो आणि कॅप्सूलचं व्होल्टेज खाली जातं.

एकेजीच्या तीन पिनी मिनी कनेक्टरमध्ये १ शील्ड, २ ऑडिओ, ३ बायस. तीन तारी माइक इथे सरळ बसतो.

सेनहायझरच्या इव्होल्यूशन मालिकेतल्या बॉडीपॅकला (कमरेला लावायच्या ट्रान्समीटरला) आटे असलेला ३.५ मिमी जॅक लागतो. टोकाला माइक, तिथेच बायस. मधल्या कड्याला लाइन इनपुट. मागच्या नळीला ग्राउंड. माइक लावताना कडं आणि नळी एकमेकांना जोडतात. इथे दोन तारीच जोडणी होते. ३.५ मिमीचे आटेदार जॅक इतर कंपन्यांचेही असतात, बाहेरून सारखे दिसतात आणि आतली जोडणी निराळी असू शकते. दुसऱ्या कंपनीच्या सेटचा माइक भोकात बसला म्हणून तो जुळला असं समजू नका. आकृती काढून बघा.

लेक्ट्रोसॉनिक्सचा पाच पिनी कनेक्टर चित्रपट-मालिकांच्या ध्वनिमुद्रणात दिसतो. पिन १ शील्ड, पिन २ बायस, पिन ३ माइकचं इनपुट, पिन ५ लाइन. पिन ४ ने पिन ३ वरचं बायस ठरतं: ४ ला १ शी जोडलं तर ०, मोकळं सोडलं तर २ व्होल्ट, २ शी जोडलं तर ४ व्होल्ट. या कंपनीने २००५ मध्ये सर्वो बायस आणलं आणि २००७ पासून तिच्या सगळ्या पाच पिनी ट्रान्समीटरमध्ये ते आहे. त्यात कॅप्सूल किती करंट ओढते याने तिच्यावरचं व्होल्टेज हलत नाही, त्यामुळे वर सांगितलेला लोड रेझिस्टरचा त्रासच राहत नाही. मात्र सर्वो इनपुटसाठीची सोपी जोडणी त्याआधीच्या जुन्या ट्रान्समीटरवर चालत नाही. जुना सेट भाड्याने आणलात तर हे आधी विचारा.

मोबाइलसाठी घेतलेला कॉलर माइक हा आणखी एक घोळ. त्याच्या जॅकवर तीन काळ्या रेघा असतात, माइक मागच्या नळीवर आणि ग्राउंड त्याच्या पुढच्या कड्यावर. हा जॅक दोन रेघांच्या भोकात, म्हणजे कॅमेऱ्यावर बसणाऱ्या छोट्या वायरलेस ट्रान्समीटरमध्ये घातला की माइक आणि ग्राउंड दोन्ही एकाच पत्र्याला टेकतात आणि आवाज येतच नाही. छोटा अ‍ॅडॅप्टर मिळतो. किंवा जॅक कापून दोन रेघांचा लावा: माइकची तार टोकाला, ग्राउंड नळीला.

वायरच्या तारांचे रंग मी मुद्दाम देत नाही. प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे, आणि त्याच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही बदलतात. माइकच्या पत्रकातला रंग हाच खरा.

डाग देताना

कॉलर माइकची वायर दीड-दोन मिलिमीटर जाड असते. आत केसासारख्या तारा आणि ताण सहन करायला धाग्याचा पुंजका. हा धागा कापून टाकू नका, कनेक्टरच्या मागच्या भागात तो अडकवायचा असतो. वायर ओढली गेली की ताण धाग्याने घ्यायला हवा, डागाने नव्हे.

पहिलं काम, कनेक्टरचं टोपण, रबर आणि श्रिंक ट्यूब (गरम केल्यावर आकसणारी नळी) वायरवर आधी ओवून घ्या. सगळं जोडून झाल्यावर टोपण टेबलावरच राहिलेलं दिसणं हे या कामातलं नेहमीचं दुःख आहे.

काही वायरमध्ये तारांवर रंगीत लाखेचा थर असतो. तो चाकूने खरवडला तर तार तुटते. सोल्डरिंगच्या इस्त्रीच्या टोकावर सोल्डरचा ताजा थेंब घ्या आणि तारेचं टोक त्यात दोन-तीन सेकंद बुडवून ठेवा. लाख जळते, थोडा धूर येतो आणि तार चकचकीत चंदेरी होते. ती पूर्ण चंदेरी झाली नाही तर डाग वरवर बसतो, आतून नाही. असा डाग हलला की ठोके येतात आणि ऐकणाऱ्याला ते फाटणंच वाटतं.

तापमान नियंत्रित होणारी इस्त्री ३२० ते ३५० अंशांवर ठेवा, सोल्डर ०.५ मिमीचं बारीक. मिनी कनेक्टरच्या पिना प्लॅस्टिकमध्ये बसलेल्या असतात. उष्णतेने प्लॅस्टिक मऊ पडलं की पिन वाकडी होते. म्हणून डाग देताना कनेक्टर त्याच्या जोडीच्या सॉकेटमध्ये अडकवून ठेवा. जुन्या, मेलेल्या ट्रान्समीटरचं सॉकेट यासाठी जपून ठेवण्यासारखं आहे. आधी पिनच्या वाटीत थोडं सोल्डर भरा, मग तार टेकवून एका सेकंदात उचला.

पिनचे आकडे डाग द्यायच्या बाजूने आणि पुढून आरशासारखे उलटे दिसतात. कनेक्टरवरचा कोरलेला आकडा भिंगातून वाचून घ्या, आकृती कुठल्या बाजूने काढली आहे तेही बघा. इथे २ आणि ३ ची अदलाबदल झाली तर तीन तारी माइकवर आवाज येतो, पण बारीक आणि फाटका. माइक खराब आहे असं वाटायला लावणारी चूक म्हणून ही अवघड.

लोड रेझिस्टर पाव वॉटचा पुरतो. जागा कमी असल्याने पाय अगदी जवळ कापा आणि प्रत्येकावर श्रिंक चढवा. शक्य असेल तर त्याच जागी ऑडिओच्या पिनपासून ग्राउंडला १०० पिकोफॅरॅडचा सिरॅमिक कपॅसिटर टाका, पाय शक्य तेवढे आखूड. ट्रान्समीटरची स्वतःची रेडिओ लहर माइकच्या वायरमधून परत आत शिरते आणि गुरगुरीसारखा आवाज देते. हा कपॅसिटर तिला ग्राउंडला सोडतो. बोलण्याच्या किंवा गाण्याच्या आवाजावर त्याचा परिणाम होत नाही.

जोडून झाल्यावर

टोपण लावण्याआधी मीटर कंटिन्युइटीवर घ्या, म्हणजे दोन टोकं जोडलेली असली की बीप येतो. शेजारच्या पिनांमध्ये जंपर नसेल तिथे बीप येऊ नये. माइकचं धातूचं कवच शील्डला जोडलेलं असेल तर कवच आणि ग्राउंड पिनमध्ये बीप यायला हवा.

मग कनेक्टर उघडाच ठेवून ट्रान्समीटरला लावा, सुरू करा आणि कॅप्सूलवरचं डीसी व्होल्टेज मोजा. दोन तारी जोडणीत ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर २ ते ३.५ व्होल्ट आले तर निश्चिंत राहा. १ व्होल्टच्या खाली असेल तर लोड मोठा आहे. अगदी ५ च्या जवळ असेल तर कॅप्सूल करंटच ओढत नाही: तार तुटली आहे किंवा डाग बसलेला नाही. शून्य आलं तर शील्ड आणि तार कुठेतरी टेकल्या आहेत. तीन तारी जोडणीत वीज देणाऱ्या तारेवर जवळजवळ पूर्ण बायस दिसायला हवं, आणि आवाजाच्या तारेवर त्याहून बरंच कमी, पण शून्य नाही. सर्वो इनपुटवर आकडा त्या सेटच्या ठरलेल्या बायसजवळ येतो, तिथे हा २ ते ३.५ चा पट्टा लावू नका.

आता गेन. ‘हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री’ म्हणून गेन लावू नका. त्या आवाजात कोणीच प्रयोग करत नाही. नटाला त्याचा सगळ्यात चढा संवाद म्हणायला सांगा, कीर्तनकारांना दोन ओळी गजर करायची विनंती करा. पीकचा दिवा सगळ्यात वरच्या टोकाला क्षणभर लुकलुकेल इतका गेन ठेवा, मग ३ ते ६ डेसिबल खाली. प्रयोगाच्या रंगात माणूस तालमीपेक्षा नेहमीच चढतो. मिक्सर आणि रिसीव्हरची पातळी त्यानंतर लावायची.

आणखी एक चाचणी करून ठेवावी, दोन माइक असतील तर. नवा माइक आणि भरवशाचा जुना माइक एकाच माणसाला शेजारी शेजारी लावा आणि दोन्ही मोबाइलवर रेकॉर्ड करून हेडफोनने ऐका. मोठ्या आवाजात ‘आ’ आणि ‘ओ’ हे स्वर लांबवायला सांगा. बायस कमी पडत असेल तर या स्वरांमध्ये करकर आधी ऐकू येते. ‘स’ आणि ‘श’ मध्ये ती लपते.

घाम, पाऊस आणि जागा

नाशिकचा मे गरम आणि जुलै ओला. व्याख्यानमाला उन्हाळ्यात होतात, सप्ताह पावसात. घाम कॅप्सूलच्या जाळीवर बसला की आवाज आधी दबतो, मग फाटतो, आणि वाळल्यावर परत ठीक होतो. हा येणारा-जाणारा त्रास वायरिंगचा समजून कनेक्टर उघडला जातो. जाळीवरची टोपी काढून कोरड्या कापडाने पुसा, माइक थोडा वेळ उघडा ठेवा आणि पुन्हा ऐका. हेअर ड्रायरची गरम हवा लावू नका, उष्णतेने इलेक्ट्रेट कायमचा बिघडू शकतो. थंड हवेवर ठेवला तर चालेल. प्रयोग संपल्यावर माइक सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवावेत.

वायर कपाळावरून किंवा मानेवरून येत असेल तर कॅप्सूलच्या थोडं खाली वायरला एक छोटा वळसा द्या, म्हणजे घामाचा ओघळ वळशापाशी गळून पडतो आणि कॅप्सूलपर्यंत किंवा कनेक्टरमध्ये पोचत नाही. बॉडीपॅकच्या बाजूलाही असाच वळसा हवा. जास्तीची वायर मात्र ट्रान्समीटरच्या अँटेनाभोवती गुंडाळू नका. अँटेना मोकळी, खाली लोंबती, अंगापासून जरा दूर. जास्तीची वायर कमरेच्या दुसऱ्या बाजूला.

माइकची जागा बदलली की गेन परत लावायचा. छातीवरचा माइक केसांच्या कडेला किंवा गालाजवळ गेला तर पातळी सहज ६ ते १० डेसिबलनी चढते. छातीवरच्या गेनवर तसाच प्रयोग सुरू केला तर पहिल्याच आकांताला पीकचा दिवा पेटून राहतो.

शेवटी, श्रिंक ट्यूबवर पांढऱ्या मार्करने लिहून ठेवा: दोन तारी की तीन तारी, लोड किती ओहम, कुठल्या सेटसाठी, आणि जोडल्यावर कॅप्सूलवर किती व्होल्ट आले. वर पारदर्शक श्रिंक चढवला की अक्षरं पुसत नाहीत. पुढच्या वेळी तोच माइक फाटू लागला, तर हा जुना आकडा आणि मीटरवरचा नवा आकडा शेजारी ठेवून बघा. दोन्ही सारखे असतील तर वायरिंग शाबूत आहे, कॅप्सूल ओली किंवा जुनी झाली आहे. नवा आकडा बदललेला असेल तर आधी कनेक्टर उघडा.